टेपला पाडलेले एक भोक

गाडीतल्या टेपला बाहेरून मोबाइल जोडण्यासाठी जी वायर लावतात, तिला आमच्या फुलंब्रीकडे कुणी 'ऑक्स' म्हणते, कुणी नुसतीच 'पिन'. मूळ शब्द ऑक्झिलरी, म्हणजे जादाचा. उर्दूत सांगायचे तर 'ज़ायद'. कंपनीने टेपला दोनच दरवाजे दिले होते, एक रेडिओचा आणि एक कॅसेटचा. मिस्त्रीने कव्हर उघडून, ड्रिलने भोक पाडून तिसरा दरवाजा बसवला. तेव्हा हे काम शे-दोनशे रुपयांचे वाटले असेल. पण चालत्या गाडीत काय ऐकायचे हे कुणी ठरवायचे, याचा एक जुना इतिहास या भोकापाशी येऊन थांबतो.

सुरुवात रेडिओची. अमेरिकेत पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी १९३० साली गाडीत चालणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याला नाव दिले मोटोरोला. गाडीत रेडिओ बसवणे तेव्हा मोठा उद्योग होता. नळ्यांचे सेट, त्यांना लागणारा जादा दाबाचा करंट, इंजिनाची खरखर, सगळे सांभाळावे लागे. पण एवढे करूनही ऐकायला मिळे ते स्टेशनवाला ऐकवील तेवढेच.

आपल्याकडे स्टेशनवाला म्हणजे सरकार. हैदराबाद संस्थानाचे हैदराबादेत आणि औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्वतःचे रेडिओ केंद्र होते. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची अशी पाचच केंद्रे होती: म्हैसूर, बडोदा, त्रावणकोर, हैदराबाद आणि औरंगाबाद. ही गोष्ट औरंगाबादच्या लोकांनाही सांगावी लागते, याचे मला नेहमी नवल वाटते. पुढे ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे गेली. केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात, १९५२ मध्ये, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिथे त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारने माघार घेतली. सयानींची आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पत्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. मुलाची ती सोपी, सगळ्यांना कळणारी हिंदुस्तानी घरातूनच आलेली. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला हे सांगताना थोडा अभिमान वाटतोच.

मग कॅसेट आली. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स यांच्या गटाने ती तयार केली आणि १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. खिशात मावेल एवढी डबी, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी फीत. पाच वर्षांनी गाडीतला कॅसेट प्लेअरही बाजारात आला. भारतात खरी लाट आली १९८० नंतर. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने 'कॅसेट कल्चर' (१९९३) या पुस्तकात ती नोंदवली आहे. ग्रामोफोन कंपनीची दशकांची मक्तेदारी मोडली. जे गाणे रेकॉर्डवर कधी आले नसते, म्हणजे जिल्ह्याची बोली, भीमगीते, भजने, नात, कव्वाली, ते सगळे स्वस्त कॅसेटवर आले.

सिल्लोड रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीप ज्यांनी पाहिल्या, त्यांना पुढचे सांगायला नको. चालकाच्या डोक्यावरच्या कप्प्यात कॅसेटींची रांग. त्यात प्रल्हाद शिंदे असत, अज़ीज़ नाज़ां असत, साबरी बंधू असत, आणि प्रवासी कोण बसलेत ते बघून चालक कॅसेट बदलत असे. खुलताबादच्या उरुसाला निघालेली गाडी आणि पंढरपूरला निघालेली गाडी एकाच चालकाची असू शकत होती. या रांगेतली एक गंमत मला फार प्रिय आहे. सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले इथले शायर. त्यांची एक गझल कव्वालांनी उचलली, ती सरहद्दीपलीकडे आबिदा परवीन यांच्यापर्यंत पोहोचली, आणि तिथून कॅसेटवर चढून पुन्हा औरंगाबादच्या रस्त्यावर आली. आपल्याच गावचा शायर ऐकतोय हे गाडीतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

बाहेरच्या जगातही हेच चालले होते. इराणमध्ये १९७८-७९ साली खोमेनींची भाषणे कॅसेटवर उतरून देशभर फिरली. रेडिओ शाहच्या ताब्यात होता, कॅसेट नव्हती. कैरोच्या टॅक्सींमध्ये शेख किश्क यांचे खुतबे वाजत. चार्ल्स हर्शकिंड यांनी त्या ऐकण्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. आपल्याकडच्या बयानाच्या कॅसेटींवर तसे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

सीडी आली, तिच्यामागून एमपीथ्री आले, आणि कॅसेटचा डेक गाडीत अडकून पडला. गाडी अजून दहा वर्षे चालणार, गाणी मात्र आता मोबाइलमध्ये. इथे मिस्त्रीचे काम सुरू होते. एक सोपा उपाय तयार मिळे: कॅसेटच्याच आकाराची, फीत नसलेली डबी. तिच्यात एक छोटे हेड असते. ते डेकच्या हेडला चिकटून बसते आणि फितीऐवजी स्वतःच चुंबकीय लहरी देते. डेकला वाटते कॅसेट चालू आहे. पण दातेरी चक्रे खडखडत, आवाज बारीक येई.

दुसरा उपाय टेप उघडण्याचा. आत हेडकडून आलेला दुबळा सिग्नल आधी एका आयसीत मोठा होतो, मग आवाजाच्या बटणाकडे जातो. मिस्त्री या दोघांच्या मधली वाट तोडत असे आणि तिथे जाळीची वायर डाखून साडेतीन मिलिमीटरचे सॉकेट जोडत असे. कॅसेट की मोबाइल, हे निवडायला एक स्विच. हुशार मिस्त्री दोन्ही बाजूंना एकेक कपॅसिटर टाकी, म्हणजे आतला डीसी करंट मोबाइलमध्ये शिरत नसे. एवढे झाले तरी डेक टेपवर यायला आत कॅसेट लागेच. म्हणून कोरी कॅसेट घालून ठेवायची, ती मुकाट फिरत राहायची आणि गाणे मोबाइलचे वाजायचे. चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज येई, इंजिन वाढवले की तोही चढे. अल्टरनेटरची ती कुरकुर चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने येते. त्यावरही छोट्या ट्रान्सफॉर्मरची डबी निघाली होती, पण बहुतेक लोक चार्जरच काढून टाकत.

त्या पिनेचे खानदानही जुने आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर ज्या जाड पिना खुपसत, त्यांचीच ही धाकटी पाती. तीन कड्या: टोक डावा आवाज, मधली उजवा, बुडाची अर्थ. तिच्यावर कुणा एका कंपनीची मालकी नव्हती. कुठलाही फोन, कुठलाही टेप, विचारपूस न करता जोडला जाई. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हे भोक काढून टाकले, मग इतरांनीही. नव्या गाड्यांत ब्लूटूथ आणि पडदा आला. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण तो पडदा उघडून त्यात चौथा दरवाजा पाडणारा मिस्त्री मला अजून भेटायचा आहे. ॲप पुढे काय वाजवायचे ते स्वतःच ठरवते. आपण पुन्हा सुई फिरवणारे झालो, फक्त सिलोन कुठे आहे ते सापडत नाही.

आता मुद्द्याचे. तुमच्या घरातल्या पेटीत कॅसेटी असतील. लग्नात वाचलेला सेहरा, मोहल्ल्यातला मुशायरा, मरहूम दादांचा आवाज, आजीची दखनी. बाजारातल्या कव्वाल्या कुठे ना कुठे मिळतील. या मिळणार नाहीत, कारण त्यांची दुसरी प्रतच नाही. फितीवरचा चुंबकीय थर झडतो, बुरशी धरते, आतल्या छोट्या नमद्याचा गोंद सुटतो. तीच ऑक्सची वायर इथे उलटी वापरायची. चालू असलेला वॉकमन किंवा घरचा डेक शोधा, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या 'लाइन-इन'मध्ये घाला आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. आवाज निम्म्यावर ठेवा, नाहीतर फाटतो. वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन प्लास्टिकची पाती मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ, ती डेकमध्ये गुंतते. तिला पुढे-मागे पळवू नका. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात, घाई चालत नाही. आणि फाइलला नाव देताना कोण बोलतेय, कुठल्या गावचे, साधारण कोणते साल, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारून घ्या. आवाज ओळखणारे तेच आहेत.