प्रतबंदीपासून मॅपक्लासिफायपर्यंत

रायगडच्या 15 तालुक्यांचा नकाशा 2011च्या जनगणनेनुसार पाच रंगांत रंगवायचा आहे. म्हसळ्याला कोणता रंग द्याल? समान अंतराचे वर्ग पाडले तर साडेसात लाखांचे पनवेल एकटेच वर बसते, मधले दोन वर्ग रिकामे राहतात आणि जेमतेम 60 हजारांचा म्हसळा दीड लाखावरच्या रोह्याच्या रंगात बुडतो. तीन-तीन तालुक्यांचे वर्ग केले तर म्हसळा तळा आणि पोलादपूरसोबत तळाशी राहतो. लोकसंख्येने किंचित मोठे असलेले सुधागड मात्र पुढच्या रंगात जाते. आकडे तेच, चित्र निराळे.

आपल्याकडे हा पेच जुना आहे. जमिनीची प्रत ठरवताना तो रोज समोर यायचा. 1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून जी जमीन पाहणी सुरू केली, तिच्यात मातीची खोली आणि दोष पाहून नऊ प्रती ठरत. त्यांचे मोल आण्यांत असे: 16, 14, 12, 10, 8, 6, 4½, 3, 2. खालच्या पायऱ्या मुद्दाम जवळजवळ ठेवलेल्या दिसतात. हलक्या जमिनीवर आणाभराचा फरकही शेतकऱ्याला जड जातो, म्हणून ही मांडणी मला फार शहाणी वाटते.

छटांनी रंगवलेला पहिला सांख्यिकी नकाशा 1826चा, फ्रान्सच्या शार्ल द्युपँचा. पण वर्गांची सीमा कुठे आखावी, याचे गणित बरेच उशिरा आले. एका वर्गातले आकडे एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ राहावेत, अशी विभागणी वॉल्टर फिशर यांनी 1958 साली मांडली. कॅन्सस विद्यापीठातील जॉर्ज जेंक्स यांनी 1967 साली हाच विचार नकाशाला लावला. या रीतीने म्हसळा आणि सुधागड एकाच वर्गात येतात, आणि ते योग्यच आहे.

आता हे गणित संगणक करतो. सर्जियो रे आणि ल्यूक अन्सेलिन यांनी भौगोलिक विश्लेषणासाठी उभारलेल्या पायसाल या मुक्त पायथन संग्रहाची पहिली आवृत्ती 2010 साली आली. त्याचाच वर्ग पाडणारा भाग पुढे ‘मॅपक्लासिफाय’ या नावाने वेगळा झाला. समान अंतर, समान संख्या, फिशर-जेंक्स अशा अनेक रीती त्यात एकाच जागी मिळतात; स्वतःच्या सीमाही देता येतात. नकाशे काढता येणाऱ्या जिओपांडाज या पायथन संग्रहात रीतीचे नाव लिहिले की नकाशामागे मॅपक्लासिफायच काम करतो.

तालुक्याचे नकाशे छापणाऱ्यांना एकच विनंती: वर्ग कोणत्या रीतीने पाडले, ते रंगसूचीखाली लिहा.