पथ्याच्या यादीचा इतिहास

धुळ्यात काही शिक्षकांशी बोलत बसलो असताना एका बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्यावर लिहिले होते : वांगे बंद, उडीद बंद, केळी बंद, टोमॅटो बंद, डाळी बंद, दूध-दही बंद, आंबट बंद. शेवटची ओळ होती, 'संपूर्ण विश्रांती'. बाईंना ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताभ संधिशोथ झाला होता. सकाळी तासभर बोटे वळत नसत आणि पहिल्या तासाला खडू धरता येत नसे. यादी कोणा एकाची नव्हती. नातेवाईक, शेजारी, सहकारी अशा अनेकांनी तीत भर घातली होती. पथ्य कडक पाळतो आहोत, मग गोळ्या कशाला, या विचाराने बाईंनी औषधे मात्र सोडली होती.

खानदेशात भरीत, कळण्याची भाकरी आणि केळी बंद केल्यावर ताटात उरते काय? बाईंचे वजन उतरले होते, पण बोटांची सूज उतरली नव्हती. आम्ही डॉक्टर नाही. तेव्हा उपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु या यादीतील ओळी कोठून आल्या, याचा शोध घेता येतो. तो घेतल्यावर बरेच काही उलगडते.

माधवाचे निरीक्षण

'आमवात' या स्वतंत्र रोगाचे पहिले सविस्तर वर्णन सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'माधवनिदान' या ग्रंथात आढळते. हात, पाय, घोटे, गुडघे सुजणे, विंचू डसल्यासारख्या वेदना, अरुची, अंगाचा जडपणा ही लक्षणे आजच्या वर्णनाशी बरीच जुळतात. अर्थात तोच हा रोग, असे छातीठोकपणे म्हणणे घाईचे होईल. माधवाने कारणांमध्ये विरुद्ध आहार आणि मंद पचनशक्ती सांगितली. स्निग्ध जेवणानंतर लगेच केलेला व्यायामही त्याने दोषी मानला. पण त्याबरोबर 'निश्चल', म्हणजे हालचाल न करणारा माणूसही त्याच्या कारणांत आहे, हे आपण सहसा विसरतो. पुढे अकराव्या शतकात चक्रदत्ताने उपचारांत लंघनाला, म्हणजे उपासाला, पहिले स्थान दिले. उत्तरकालीन ग्रंथांतील अपथ्यात दही, दूध, मासे, गूळ आणि उडीद येतात. बाईंच्या यादीतील उडीद आणि दूध-दही यांचे मूळ हे असे जुने आहे. ते निरीक्षणातून आले असेल, पण त्या काळी ते मोजून तपासण्याची पद्धत नव्हती.

श्रीमंतांचा रोग, गरिबांचा रोग

डाळींवरील बंदीचा मार्ग वेगळा आहे. युरोपात सांधेदुखी म्हटली की 'गाऊट' हा रोग आठवे. मांस आणि मद्य यांची चंगळ करणाऱ्या श्रीमंत पुरुषांचा तो रोग मानला जाई. इ.स. १८०० मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील तरुण डॉक्टर लांद्रे-बोव्हे याने आपल्या प्रबंधात नऊ स्त्रियांची नोंद केली. त्यांचे अनेक सांधे सुजले होते, पण त्या गरीब होत्या. चंगळीचा प्रश्नच नव्हता. तरीही त्याने या रोगाला गाऊटचाच एक प्रकार मानले.

हा गोंधळ लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड याने सोडवला. १८४८ मध्ये त्याने गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवले. पुढे १८५४ मध्ये त्याने एक साधी परीक्षा सांगितली. रक्तद्रवात थोडे अ‍ॅसेटिक आम्ल घालायचे, त्यात दोरा सोडायचा आणि वाट पाहायची. गाऊट असेल तर दोऱ्यावर यूरिक आम्लाचे स्फटिक जमतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांच्या रक्तात हे आम्ल वाढलेले नव्हते. म्हणून १८५९ मध्ये त्याने या दुसऱ्या रोगाला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे वेगळे नाव दिले.

म्हणजे हे दोन रोग वेगळे आहेत, हे ठरून दीडशेहून अधिक वर्षे झाली. तरी 'यूरिक अ‍ॅसिड वाढेल' म्हणून या रुग्णांची डाळ आजही बंद केली जाते. गाऊटसाठीसुद्धा डाळींविरुद्धचा पुरावा दुबळाच आहे. वांगे-टोमॅटोच्या बंदीला तर विश्वासार्ह प्रयोगाचा आधार सापडत नाही, आणि केळ्याच्याही नाही.

मग हा रोग होतो कशाने? शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेवटी हाड कुरतडते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दोन ते तीन पट आढळतो. आनुवंशिकतेचा त्यात भाग आहे, धूम्रपानाने धोका वाढतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. तेथे प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के लोकांना हा रोग होता. हे प्रमाण लहान वाटते, पण दोनशे प्रौढांच्या वस्तीत एक, असा त्याचा अर्थ आहे.

उपास मोजला तेव्हा

आहाराचा काहीच परिणाम होत नाही काय? होतो, पण बेताचा. १९९१ मध्ये नॉर्वेतील जेन्स खेल्डसेन-क्राग आणि सहकाऱ्यांनी ५३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने सात ते दहा दिवस उपास केला. नंतर साडेतीन महिने गव्हातील ग्लुटेन, दूध आणि मांस वर्ज्य केले आणि पुढे दूध घेणारा शाकाहार ठेवला. या गटाच्या वेदना व सूज कमी झाली आणि वर्षाअखेरीसही सरासरी फायदा टिकला. चक्रदत्ताचे लंघन येथे मोजपट्टीवर आले. मात्र फायदा सर्वांना झाला नाही. नुसता उपास केला तर जेवण सुरू होताच दुखणे परतते, आणि उपास आयुष्यभर करता येत नाही.

गंमत अशी, की नॉर्वेत मुद्दाम रचलेला ग्लुटेनविरहित आहार खानदेशाला नवा नाही. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतेच. म्हणून भाकरी हे औषध ठरत नाही, पण ती सोडण्याचेही कारण नाही. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांनी वेदना व जडपणा थोडा कमी होतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. जवसाच्या चटणीत याच कुळातील मेदाम्ल असते, परंतु शरीर त्याचा अगदी थोडा भाग माशातील प्रकारात बदलू शकते.

उलट बाजूही पाहावी. या रोगात स्नायू झिजतात. त्यांना प्रथिने लागतात आणि कळण्यातील उडीद ती पुरवतात. स्टिरॉइड घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होतात, त्यांना कॅल्शियम लागते. दूध-डाळ बंद करणारे पथ्य नेमके येथेच घात करते.

अंथरुणाकडून अंगणाकडे

यादीची शेवटची ओळ, संपूर्ण विश्रांती, ही विसाव्या शतकातील रुग्णालयांची देणगी आहे. त्या काळी रुग्णांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत, सांधे प्लास्टरमध्ये बांधत. दुसरे फारसे काही हाताशी नव्हते. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच याने कॉर्टिसोन वापरले आणि १९८० च्या दशकात मेथोट्रेक्सेटच्या अल्प मात्रेचा उपयोग सिद्ध झाला. आज रोग आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत. ती लवकर सुरू करावी लागतात, कारण हाडांची झीज बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते.

व्यायामाबद्दलची भीती नेदरलँड्समधील प्रयोगाने बरीच कमी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ३०० रुग्ण होते. एका गटाने दोन वर्षे, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास चांगला दमवणारा व्यायाम केला. त्यांची कार्यक्षमता वाढली, रोग बळावला नाही. ज्यांचे गुडघ्या-खांद्यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच झिजले होते, त्यांनी मात्र जपावे असे दिसले. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत, हेही लक्षात ठेवावे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना विसावा हवा असतो आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या गुडघ्यांना चालणे.

बाई पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनी औषधे सुरू केली. सकाळी कोमट पाण्यात त्या मुठी उघडतात-मिटतात, संध्याकाळी चालतात. भरीत आणि कळण्याची भाकरी ताटात परतली आहे. रोग गेलेला नाही, पण खडू धरता येतो.

वर्गात एक उपक्रम करून पाहावा. विद्यार्थ्यांना घरातील पथ्ये लिहून आणायला सांगावीत आणि प्रत्येकापुढे तीन रकाने आखावेत : हे कोणी सांगितले, कोणत्या रोगासाठी, कशावरून? तिसरा रकाना बहुधा रिकामा राहील. चर्चा तेथूनच सुरू करावी.