उन्हाळ्यातला बिनतिकिटाचा मंच : वडशाच्या इतिहासातले गाळलेले पान

वडसा म्हटले की महाराष्ट्राला झाडीपट्टी रंगभूमी आठवते. ते बरोबरच आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की देसाईगंजमधल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत गावोगावच्या मंडळांची वर्दळ सुरू होते. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात आणि होळीच्या सुमारास हंगाम आटोपतो. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची दखल दिल्लीनेही घेतली. याचा आम्हाला आनंदच आहे.

आमचा प्रश्न वेगळा आहे. होळीनंतर याच मातीत जो दुसरा मंच उभा राहतो, त्याचा इतिहास कोण लिहिणार?

१४ एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम होतात. दिवसा ऊन अंग भाजून काढते, म्हणून कार्यक्रम रात्रीचा. नाट्यगृह नाही, छप्पर नाही. बुद्धविहारासमोरची मोकळी जागा, पंचशील ध्वज, निळी झालर, हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि टाळ्यांवर साथ देणारा कोरस. कधी एकाच गायकाचा संच असतो, कधी कव्वालीचा दुय्यम सामना. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून उत्तर द्यायचे. प्रश्न कोणते? संविधान सभेचे, महाडच्या तळ्याचे, रमाईच्या कष्टांचे. समोर तांदळाच्या गिरणीतला हमाल, तेंदूपत्ता तोडणारी बाई आणि शिक्षक एकाच सतरंजीवर बसलेले असतात. तिकीट नसते. खर्च वर्गणीतून होतो.

काही जण म्हणतात, नाटक ही कला आणि भीमगीत म्हणजे प्रचार. हा युक्तिवाद तपासून पाहू.

या गाण्याची वंशावळ मोठी आहे. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचा साचा हाती घेऊन त्यातून प्रबोधनाचा जलसा घडवला. बाबासाहेबांच्या चळवळीत भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि महाराष्ट्रभर फिरून गात राहिले. सुफी दर्ग्यातली कव्वाली आमच्या गायकांनी उचलली, सिनेमाच्या चाली उचलल्या, तमाशाची ढोलकी तर घरचीच होती. ज्याला शुद्ध घराणे म्हणतात, ते आमच्याकडे नव्हते. ज्यांना शाळेच्या दारातही उभे केले जात नव्हते, त्यांनी मिळेल ती चाल घेऊन आपले म्हणणे मांडले. याला कला म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

चांदा जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्याआधी वडसा चांद्यातच होते. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या म्हणजे जुने देव गेले आणि देवांबरोबर त्यांची गाणीही गेली. मग लग्नात काय म्हणायचे, पाळण्याला काय गायचे, मयतीच्या रात्री काय? अक्षरओळख नसलेल्या माणसाला बुद्धाचा विचार सांगायचा कसा? ही पोकळी गाण्यांनी भरली. म्हणून भीमगीत हे आमच्यासाठी करमणुकीच्या पलीकडचे आहे. धर्मांतरानंतर समाज आतून कसा बदलला, याचा तो पुरावा आहे.

असे जगात इतरत्रही घडले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या कष्टकऱ्यांचे ‘कंट्री’ गाणे आणि काळ्यांच्या चर्चमधला सूर एकमेकांत मिसळून ‘कंट्री सोल’ तयार झाले. १९६२ साली रे चार्ल्स या काळ्या गायकाने कंट्री गाण्यांची अख्खी तबकडी काढली. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या उघड्या स्टेडियममध्ये ‘वॉटस्टॅक्स’ हा कार्यक्रम झाला. १९६५ च्या वॉट्स वस्तीतील उठावाच्या स्मरणार्थ तो होता. तिकीट फक्त एक डॉलर, म्हणजे वस्तीतल्या माणसाला परवडेल इतके. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला आणि तिने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

मग फरक कुठे पडला? वॉटस्टॅक्सचे चित्रीकरण झाले. १९७३ साली त्यावर माहितीपट आला, म्हणून आज पन्नास वर्षांनंतरही त्याचा अभ्यास होतो. झाडीपट्टी नाटकाचेही तसेच आहे. तिथे तिकीट आहे, करार आहे, जाहिरात आहे, हिशोबाची वही आहे. जिथे व्यवहार असतो तिथे कागद उरतो आणि कागद उरला की इतिहास लिहिता येतो. आमचा मंच बिनतिकिटाचा. सकाळी झालर उतरली, सतरंजी गुंडाळली की मागे कागदाचा तुकडाही राहत नाही. जे समतेचे लक्षण, तेच विस्मरणाचे कारण ठरले. अभिजनांच्या लेखणीने उपेक्षा केली हे खरेच आहे. पण केवळ तिला दोष देऊन आपले काम होणार नाही.

कारण आता धोका दारात आहे. जयंतीच्या वर्गणीतला मोठा वाटा डीजेकडे जातो. भिंती हादरतात, पण एक शब्द कानात शिरत नाही. डीजेला प्रश्न विचारता येत नाही आणि तो उत्तरही देत नाही. ज्या गायकांनी तीस-तीस वर्षे गावे जागवली, त्यांना बोलावणे येत नाही. त्यांच्या हस्तलिखित वह्या घराच्या आड्याला बांधलेल्या आहेत; वाळवी आणि पावसाळा दोन्ही त्यांची वाट पाहत आहेत. तरुणांचा उत्साह आम्हाला नको आहे असे नाही. पण उत्साहाला विचाराची जोड नसेल तर जयंती आणि वरात यांत फरक काय राहिला?

म्हणून वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, लाखांदूर परिसरातील जयंती मंडळांना आमचे तीन आग्रह आहेत. पहिला, वर्गणीतला निम्मा तरी पैसा गायक-वादकांसाठी राखून ठेवा आणि मानधन मंचावरच सन्मानाने द्या. दुसरा, प्रत्येक कार्यक्रमाची नोंद ठेवा : तारीख, गाव, गायक-गायिका, वादक, गाणी, वर्गणीचा हिशोब. ही वही बुद्धविहारात राहू द्या. तिसरा, ज्येष्ठ गायकांच्या वह्यांचे मोबाइलवर फोटो घ्या, त्यांच्या आवाजात गाणी ध्वनिमुद्रित करा आणि गाणे कोणाचे, चाल कुठली, हेही विचारून लिहून घ्या. यासाठी अनुदान लागत नाही, सवड लागते.

आपला इतिहास दुसरा कोणी लिहील, ही वाट आपण फार काळ पाहिली. येत्या १४ एप्रिलला मंचावर हार्मोनियम ठेवाल, तेव्हा तिच्या बाजूला एक कोरी वहीही ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!