इंग्रजी यमके आणि आमची ओवी

शब्दकोश म्हटला की अकारविल्हे लावलेले शब्द आपल्या डोळ्यांपुढे येतात. शब्दाचे तोंड पाहून त्याला जागा द्यावयाची, ही ती रीत. परंतु शब्दाचे शेपूट पाहून जागा देण्याची रीतही पुष्कळ जुनी आहे. इ. स. १५७० मध्ये पीटर लेव्हिन्स या इंग्रज विद्वानाने 'मानिपुलुस वोकाबुलोरुम' नावाचा कोश लंडन येथे प्रसिद्ध केला. या लॅटिन नावाचा अर्थ 'शब्दांची पेंढी'. त्यात इंग्रजी शब्द त्यांच्या शेवटच्या अवयवाप्रमाणे लावलेले असून प्रत्येकापुढे त्याचा लॅटिन अर्थ दिलेला आहे. यमक जुळणारे शब्द एका पेंढीत, आणि अर्थ शेजारी. इंग्रजीत यमकांचा असा कोश त्यापूर्वी झाला नव्हता.

आपल्या देशाला मात्र ही कल्पना नवी नव्हती. महेश्वराचा 'विश्वप्रकाश' हा बाराव्या शतकातील संस्कृत कोश आणि त्यानंतरचा 'मेदिनीकोश' यांत शब्द अंत्य व्यंजनाप्रमाणे लावलेले आहेत. ककारान्त आधी, खकारान्त मग, असा क्रम. हे कोश एका शब्दाचे अनेक अर्थ सांगण्यासाठी झाले आणि ते पद्यात आहेत, कारण ते पाठ करावयाचे होते. कागदावर शोधण्याचा कोश आणि मुखात बाळगण्याचा कोश यांत मोठा फरक आहे.

यमक या शब्दाचाच अर्थ जुळे असा होतो. संस्कृत साहित्यशास्त्राच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे तीच अक्षरे पुन्हा यावीत आणि अर्थ मात्र वेगळा असावा, तेव्हा ते यमक. 'हार' म्हणजे फुलांची माळ आणि 'हार' म्हणजे पराभव. हे दोन 'हार' दोन चरणांच्या शेवटी आले तर शास्त्री संतुष्ट होतील. मोरोपंतांनी आर्येत या प्रकाराचा जो सोस केला तो मराठी वाचकांना परिचित आहे. इंग्रजी कवितेची रीत याच्या नेमकी उलट. तेथे आघात असलेल्या स्वरापासून पुढचा ध्वनी सारखा हवा, परंतु त्याआधीचे व्यंजन वेगळे हवे. तेच अक्षर तसेच्या तसे परत आले तर इंग्रज त्याला कवीचे दारिद्र्य समजतो. आम्ही ज्याला कौशल्य म्हणतो त्याला तो उणेपणा म्हणतो!

तरीही समान ध्वनीतून निघणाऱ्या दुहेरी अर्थाचा मोह इंग्रज भक्तकवींना आवरला नाही. इंग्रजीत सूर्य आणि पुत्र या दोन्ही शब्दांचा उच्चार 'सन' असाच होतो. जॉर्ज हर्बर्ट या धर्मोपदेशक कवीने या एका योगायोगावर अख्खी कविता रचली. ती त्याच्या १६३३ च्या संग्रहात आहे. देवाचा पुत्र आणि जगाचा प्रकाश एकाच नावाने हाक मारता यावी, याचा त्याला आनंद वाटला. देवनागरीत लिहिले की त्यात तिसरा 'सन' येऊन मिसळतो, तो वर्षाचा. तो अरबीतून आपल्याकडे आला.

लेव्हिन्सचा कोश छापला गेला तेव्हा विल्टशरमधील बुश्टन गावचा एक तरुण विशीत होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्माचरणावर बंदी होती. स्टीफन्स रोमला जाऊन १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. त्याच्याच पिढीतील रॉबर्ट साउथवेल हा येशूसंघीय इंग्लंडला परतला, त्याने इंग्रजीत सुंदर यमकबद्ध भक्तिकाव्य लिहिले आणि १५९५ मध्ये लंडनमध्ये त्याला फाशी झाली. १९७० मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. स्टीफन्सला फाशीचा दोर लाभला नाही. त्याच्या वाट्याला साष्टीच्या, म्हणजे गोव्याच्या साष्टीच्या, धर्मग्रामांतील चाळीस वर्षे आली. त्यानेही यमके जुळवली, पण ती मराठीत.

१५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या भागातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदविले आहे. युरोपातील पंडितांनी ही गोष्ट शास्त्र म्हणून मांडण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. स्टीफन्स पंडिती करीत नव्हता, तो ऐकत होता. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी गावयास काही नव्हते, हे त्याच्या कानाला कळले. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. पहिले पुराण आणि दुसरे पुराण मिळून सुमारे ११,००० ओव्या, रोमन लिपीत.

ओवीच कां? ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. तीन वेळा कानावर एकच नाद पडतो आणि मग श्वास घ्यावयास जागा मिळते. निरक्षर माणसाला पाठ करण्यास याहून सोयीची रचना नाही. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याच्या रस्त्यांवरून घंटा वाजवीत मुलांना गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना गाऊन घेई, तीही याच समजुतीने. स्टीफन्सने आणखी एक पाऊल टाकले. त्याने 'वैकुंठ' हा शब्द स्वर्गासाठी बेधडक वापरला आणि 'स्पिरितु सांतु', 'बाप्तिज्म', 'क्रूस' हे परके शब्द ओवीच्या चालीत आणून बसविले. नवा शब्द परिचित नादात आला की लोक तो आपलासा करतात. अर्थ त्याच्या पाठोपाठ येतो. शिकविण्याची ही रीत आजच्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांहून शहाणी होती, असे आमचे मत आहे.

आमच्या भागाला, म्हणजे ठाणे, मुंबईची साष्टी आणि वसई या उत्तर कोकणाला, स्वतःचे पुराण निराळे मिळाले. फ्रान्सिस्कु वाझ दि गिमारायंश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने प्रभूच्या दुःखसहनाचे पुराण इकडच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत रचले. ते १६५९ मध्ये छापले गेले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. पुस्तक पुन्हा छापावेसे वाटले, कारण ते गायले जात होते. प्रायश्चित्तकाळात घराच्या ओटीवर एकाने चरण सांगावा आणि बाकीच्यांनी उचलावा, अशी ती प्रथा. मधल्या काळात राज्ये बदलली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले. पुराण मात्र लोकांच्या तोंडी होते आणि तोंडातली गोष्ट जप्त करता येत नाही. तिकडे गोव्यात १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेवरच गदा आली. स्टीफन्सच्या ग्रंथाची १६५४ नंतरची छापील आवृत्ती थेट १९०७ मध्ये मंगळूरला निघाली. देवनागरी आवृत्तीला १९५६ साल उजाडले. अडीचशे वर्षे तो ग्रंथ हस्तलिखितांनी आणि पाठांतराने जगवला.

ठाण्यात इंग्रजी आली ती तोफेच्या मागून. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. परंतु ती सामान्यांच्या जिभेवर आली ती आगगाडीबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. 'स्टेशन' हा शब्द तेव्हापासूनचा आपला सोबती. दुसऱ्या महायुद्धात 'रेशन' आले. 'फॅशन' कधी आली ते विचारू नये. या तिघांचे यमक कोणतीही गृहिणी उखाण्यात सहज जुळवील आणि मराठी कानाला त्यात काही वावगे वाटणार नाही. आजच्या इंग्रजाला मात्र त्यातले एक जोडपे खटकेल. त्याच्या तोंडी रेशनचा पहिला स्वर फॅशनसारखा होतो, स्टेशनसारखा नाही. तथापि 'रेशन' हा उच्चारही इंग्रजीत जुनाच आहे. आपण तो टाकला नाही, एवढेच. 'बटण' आणि 'मटण' यांचे तर भाग्यच थोर. ही जोडी इंग्रजीतही जुळते, मराठीतही जुळते, आणि 'ण' मिळाल्यामुळे मराठीत अधिक ठसठशीत जुळते.

या शब्दांचे अर्थ उलगडले तर गंमत वाढते. स्टेशन हा शब्द लॅटिन 'स्तातियो'पासून आला. त्याचा अर्थ उभे राहणे, थांबणे. क्रुसाच्या वाटेवरील थांब्यांनाही इंग्रजीत स्टेशनच म्हणतात. त्यांची संख्या चौदा अशी पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये निश्चित केली. आपण मराठीत त्यांना 'स्थान' म्हणतो. लॅटिनमधील तो धातू आणि संस्कृतातील 'स्था' हे सख्खे भाऊ आहेत. स्टीफन्सने भावाला जे लिहिले होते त्याचा पुरावा असा फलाटावर आणि चर्चच्या भिंतीवर एकाच वेळी मांडलेला आहे.

आता दुसरी बाजू. इंग्रजी आपल्या बहुसंख्य घरांत कानाने न येता डोळ्याने आली. पुस्तकातून आली. आणि इंग्रजी लेखन हे कानाला फसविणारे आहे. 'ब्लड', 'फूड' आणि 'गुड' या तीन शब्दांच्या पोटात तीच अक्षरे आहेत, पण उच्चार तीन. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, लेखन हळूहळू थिजले आणि उच्चार मात्र पुढे वाहत राहिला. इंग्रजी गीतांच्या पुस्तकात 'वर्ड' आणि 'लॉर्ड' ही जोडी वारंवार भेटते. शब्द आणि प्रभू, अर्थाने किती जवळचे! परंतु आजच्या उच्चारात ते यमक फक्त डोळ्यांना दिसते. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचेही तेच. रविवारच्या मिस्सात गायकवृंद ती ओळ गातो तेव्हा एखादे चौकस मूल विचारते, की हे जुळते कुठे? त्याला उत्तर द्यावयास हवे: पूर्वी हे उच्चार एकमेकांच्या अधिक जवळ होते, आणि कवींनी जुने नाते सोडले नाही.

बालवाडीतील इंग्रजी गाण्यांची कथा याहून चमत्कारिक आहे. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत असे इंग्रजी माध्यमाचे शिशुवर्ग विरळा, जेथे मुले फेर धरून 'रिंगा रिंगा रोझेस' म्हणत नाहीत. त्यातल्या फुलांचा, खिशाचा आणि शेवटी खाली पडण्याचा अर्थ काय, हे विचारले तर पुष्कळदा सांगितले जाते की ते १६६५ च्या लंडनमधील प्लेगचे गाणे आहे. हे सांगणे खरे मानण्यास आधार नाही. इंग्लंडात ते गाणे प्रथम छापले गेले ते १८८१ मध्ये, आणि प्लेगची उपपत्ती रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. बालगीतांचे थोर अभ्यासक आयोना व पीटर ओपी यांनी ती मानली नाही. यमके घट्ट बसली, अर्थ उडून गेला, आणि रिकाम्या जागेत कोणीतरी एक गोष्ट आणून ठेवली.

आम्हाला खंत वाटते ती याची, की प्लेग सांगावयाचाच तर आपला स्वतःचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि आसपासच्या मुलखात पसरला. मुंबई व साष्टीच्या गावठाणांत त्या काळी लोकांनी नवस बोलून क्रूस उभारले. कित्येकांवर साल कोरलेले आजही वाचता येते. लंडनच्या कल्पित प्लेगाचे गाणे म्हणणारे मूल त्या क्रुसावरून रोज शाळेत जाते.

कल्याण-डोंबिवलीच्या धर्मग्रामांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. १९८८ मध्ये सिरो-मलबार विधीची कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली, यावरूनच तेथील ख्रिस्ती वस्तीचे स्वरूप कळावे. घरात मल्याळम, कोकणी, तुळू वा तमिळ, जिन्यात आणि बाजारात मराठी, शाळेत इंग्रजी. अशा मुलाला तीन भाषांतील यमके ऐकू येतात आणि त्याचा कान आपल्यापेक्षा तयार असतो. स्टीफन्सची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. इंग्रजी मातृभाषा, लॅटिन धर्मभाषा, पोर्तुगीज राजभाषा, आणि ओवी मराठीची.

मराठी वाचता येत नाही म्हणून या मुलांना पुराण बंद आहे, असेही म्हणता येणार नाही. दोन्ही पुराणे मुळात रोमन लिपीतच छापली गेली. इंग्रजी शाळेतील मुलाला अक्षरे ओळखीची वाटतील. अडचण पुढे येते. पोर्तुगीज वळणाच्या त्या लेखनात शब्दाच्या शेवटचा 'एम्' म्हणजे केवळ अनुनासिक. स्टीफन्सचे 'पैलें' मूल 'पैलेम' असे वाचील. दोन 'एन्' लागोपाठ आले की त्यांचा 'ण' होतो, 'एक्स'चा 'श' होतो. इंग्रजी उच्चाराने वाचले तर ओवीचे तिन्ही चरण सुटे पडतात, यमक सापडत नाही आणि यमकावाचून चालही सापडत नाही. ते कुठे जुळते हे गाऊन दाखविणारी माणसे आपल्या गावठाणांत अजून आहेत. त्यांतील बहुतेक सत्तरी ओलांडलेली आहेत, आणि यंदाचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होईल.