विटाळाच्या धाकातून सुटका : लक्ष्मीबाई टिळक

१/ १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी नाना गोखले यांच्या सासऱ्यांना फाशी दिले. त्या धक्क्याने नानांना विटाळाची धास्ती बसली, ती कायमची. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या याच घरात १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला.

२/ पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली.

३/ पुढे नगर जिल्ह्यात, राहुरीला संसार पुन्हा मांडला गेला. पण लक्ष्मीबाईंचे सोवळे कायम होते. टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही.

४/ बंध तुटला तो त्यांच्याच विचाराने. जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळताच, परक्याच्या स्पर्शाने आपण भ्रष्ट होतो हे भय गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

५/ ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा ही कृपेने लाभते, शुद्धीच्या कर्मकांडाने मिळवावी लागत नाही. जन्मभर ओवळेपणाला भ्यालेल्या मनाला याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नव्हती.

६/ १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथरूपाने येऊ लागली. त्यांत स्वतःचे हट्ट, फजिती आणि जुने सोवळेही त्या हसत हसत सांगतात. ज्या दोषांपायी वडील आयुष्यभर हात धूत राहिले, तसल्या दोषांची लेकीने मराठीतील एक श्रेष्ठ आत्मकथा केली.