संघनेतृत्वाचा वारसा आणि सोलापूर

एखाद्या संस्थेचा अथवा चळवळीचा कर्णधार दूर झाला की 'आता पुढे कोण?' हा प्रश्न उभा राहतो. सर्व सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती असतील, तर या प्रश्नापाशीच कार्य खुंटते. या दृष्टीने सोलापूरच्या इतिहासातील दोन घटना आम्हांस उद्‌बोधक वाटतात.

पहिली घटना १९३० ची. मे महिन्याच्या प्रारंभी गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांच्या या शहरात असंतोष उसळला. ८ मे रोजी गोळीबार झाला व पुढे पोलीस शहरातून हटले. १२ मे रोजी लष्करी कायदा जारी होईपर्यंत रहदारीची व बंदोबस्ताची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. लढ्याचा भार एका जातीने वा एका धर्माने वाहिला नव्हता, हे या चार नावांवरूनच स्पष्ट होते.

दुसरी घटना जानेवारी १९३८ मधील. सोलापूर नगरपालिकेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिले. त्या प्रसंगी बाबासाहेबांनी लोकशाहीविषयी विचार मांडले. ज्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे, त्या सर्वांचे लोकशाहीने आदरपूर्वक ऐकून घेतले पाहिजे, असा त्यांचा आशय होता.

या विचाराचे मूळ भिक्खुसंघाच्या परंपरेतही आढळते. मज्झिमनिकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात मगधाचा महामात्य वस्सकार आनंदांना विचारतो की, तथागतांनी आपल्या पश्चात कोणा भिक्खूस नेमले आहे काय? आनंद नकार देतात. संघानेही कोणास नेमलेले नाही. धम्म हाच आमचा आधार आहे, असे ते सांगतात. मात्र संघ नेतृत्वहीन नव्हता. ज्याच्या अंगी दहा गुण दिसतात, त्या भिक्खूचा आम्ही आदर करतो, असेही आनंद स्पष्ट करतात. आदर गुणांचा, अधिकार धम्माचा, अशी ही रचना आहे.

तिला विनयाने कार्यपद्धती दिली. महत्त्वाच्या कामात प्रथम ञत्ति, म्हणजे ठराव मांडावयाचा, नंतर तीन वेळा संमती विचारावयाची. वाद मिटेना तर शलाका वाटून बहुमत अजमावावयाचे. वैशालीच्या संगीतीत दहा वस्तूंवरील चर्चा लांबत चालली, तेव्हा पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ भिक्खूंवर निर्णय सोपविण्यात आला. दोन्ही पक्षांना समान स्थान मिळाले, आणि निर्णय पुन्हा सकल संघापुढे मांडला गेला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी संघाच्या याच नियमांचे स्मरण करून दिले. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्याच भाषणात आहे.

ही चर्चा केवळ प्राचीन इतिहासाची नाही. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत एकत्रित रिपब्लिकन पक्षाचे चार नेते महाराष्ट्रातून निवडून आले. सामुदायिक नेतृत्वाचे हे प्रत्यक्ष फळ होते. तथापि १९९९ च्या निवडणुकीपर्यंत ती एकजूट टिकली नाही. यावरून आमचे मत असे की, अनेक नेते एका व्यासपीठावर बसणे म्हणजे सामुदायिक नेतृत्व नव्हे. मतभेद कोठे मांडावयाचा, कोणी ऐकावयाचा आणि निर्णय झाल्यावर सर्वांनी तो कसा पाळावयाचा, याचे नियम आधी ठरलेले असावे लागतात.

भिक्खुसंघात मतभेद झालेच नाहीत, असे नाही; संघभेदाची उदाहरणे पिटकातच आहेत. पण भेद मिटविण्याचे सात उपायही तेथेच सांगितले आहेत. आपल्या विहार समित्यांनी, शिक्षणसंस्थांनी व संघटनांनी अध्यक्षाच्या निवडीइतकेच लक्ष या उपायांकडे दिले, तर 'आता पुढे कोण?' या प्रश्नाने कोणतेही कार्य थांबणार नाही.