प्रणाली-प्रशासकांचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इ. स. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कारभार आटोपला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या शासकीय कंपनीकडे आली. यंत्र विकत घेता येते. ते चालते ठेवणारा माणूस मात्र घडवावा लागतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) १९९३ मध्ये प्रगत संगणन प्रशिक्षण शाळा काढून ही उणीव काही अंशी भरून काढली. १९९९ मध्ये रेड हॅटने लिनक्स प्रशासकांसाठी प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. तीत पाठांतर निरुपयोगी ठरते. प्रारंभीच्या काळात तर मुद्दाम बिघडवलेले यंत्र उमेदवाराला ठरावीक वेळेत दुरुस्त करावे लागे. आपल्या विद्यापीठीय परीक्षापद्धतीने हा धडा अद्याप पुरेसा घेतलेला नाही. लिनक्स मुक्त असल्यामुळे पेडगावच्या (जि. परभणी) विद्यार्थ्यालाही ते विनामूल्य मिळू शकते, परंतु ही परीक्षा मराठीत होत नाही.